दिवे सारखे

दुकानदार सहज बोलला. त्याच्या बोलण्यात काहीच नव्हतं, हे सुगतला नंतरही पुन्हा पुन्हा स्वतःला पटवावं लागलं. भिलाईत कोहक्यातल्या चौकावरचं हार्डवेअरचं दुकान, संध्याकाळचे पाच वाजलेले, पाऊस नुकताच उघडलेला आणि सुगत स्कूटर बाजूला लावून नळाचा वायसर घ्यायला उभा. दुकानदारानं वायसर कागदात गुंडाळला, पेन्सिल कानावर अडकवली आणि म्हणाला, "भैया, वो चालीस वाट का बल्ब भी आ गया है. पुराना, तार वाला. जून में आप एक ले गए थे न? अब तो सब एलईडी माँगते हैं, मैंने आपके लिए दो रख लिए." सुगतनं 'नको' म्हणायला हवं होतं, किंवा मुकाट्यानं घेऊन टाकायला हवे होते. तो म्हणाला, "मैं नहीं ले गया था." दुकानदार हसला. "अरे, ले गए थे भैया. ड्रेस में थे आप, पानी गिर रहा था." "कोई और होगा," सुगत म्हणाला, आणि त्याचा आवाज एवढा चढला की शेजारी रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईनं वळून पाहिलं. "होगा, भैया," म्हणत दुकानदार तिच्याकडे वळला. वायसर काउंटरवरच राहिला.

स्कूटरपाशी येऊन सुगत किल्ली हातात धरून नुसता उभा राहिला. खोटं बोलायची काही गरज नव्हती, हेच त्याला चावत होतं. चाळीस वॅटचा एक दिवा. माणूस संडासात लावतो, देवळीत लावतो, कोंबड्यांच्या खुराड्यात लावतो. पण गेल्या नऊ दिवसांत 'चाळीस' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि त्याची अशी समजूत झाली होती की ही गोष्ट जगात त्याच्या एकट्याच्या डोक्यात आहे आणि डोकं मिटलं की तीही मिटेल. आता कळलं की कानावर पेन्सिल लावलेल्या एका माणसालाही ती ठाऊक आहे. तो काय जाणतो ते त्याला माहीत नाही, पण जाणतो. त्याला जूनमधला पाऊससुद्धा आठवतो. सुगतनं स्कूटर सुरू केली. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, सव्वीस वर्षं विजेत हात घालून काढलेली, आणि एका दुकानदाराच्या आठवणीची त्याला भीती वाटत होती.

त्याची मिल म्हणजे औद्योगिक वसाहतीतली एक खाजगी रोलिंग मिल. तिच्या दारावरचं नाव मालक बदलले तसं तीनदा बदललं, पण कामगार तिला नुसतं मिलच म्हणायचे. तिथे लालभडक लोखंडावर पाण्याचा मारा करतात, वरची खपली सुटते, आणि पाणी नि खपली मिळून जमिनीखालच्या एका खोल खड्ड्यात जातात. त्याला सगळे पिट म्हणतात. पिटमधली खपली वर ओढायला लोखंडी फावडी लावलेली साखळी, आणि ती फिरवायला डीसीची एक जुनी मोटर. खाली बारा महिने ओल. भिंती पाझरतात, शिडीची कडी हाताला बुळबुळीत लागते, बटणाच्या पेटीवर थेंब उभे असतात. अशा जागी वीज न्यायची म्हणजे आगीशेजारी कापूस ठेवायचा. पण शहाण्या लोकांनी त्यावर तोड काढलेली आहे. या डीसीचं कुठलंही टोक जमिनीला जोडायचं नाही. मग एखादी तार भिजून जमिनीला लागली तरी काही होत नाही. फ्यूज उडत नाही, मोटर थांबत नाही, कुणाला झटका बसत नाही. पहिली गळती ही वीज पोटात घालते. मात्र ती शोधून काढली नाही तर कधीतरी दुसरी होते, आणि दुसरी पोटात घालता येत नाही.

पहिली गळती कळावी म्हणून पॅनेलरूममध्ये दोन दिवे होते. एक पॉझिटिव्हचा, एक निगेटिव्हचा, दोन्ही साठ वॅटचे, आणि दोघांमधला जोड जमिनीला बांधलेला. सारं ठीक असलं की दोन्ही अर्ध्या जिवानं, पण सारखे जळायचे. ज्या बाजूची तार भिजली त्या बाजूचा दिवा मंद व्हायचा आणि दुसरा तेजाळायचा, तराजूची पारडी झुकावी तसं. गळती झाली की ओरडणारा एक भोंगाही होता म्हणे. पण पावसाळ्यात तो दिवसभर केकाटतो म्हणून कुणीतरी केव्हातरी त्याची तार काढून ठेवली, आणि सुगत नोकरीला लागला तेव्हापासून तो मुकाच होता. राहिले दिवे. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा असे दोन्ही इलेक्ट्रिशियन त्यांच्यासमोर उभे राहायचे, बघायचे, आणि रजिस्टरमध्ये दोन शब्द लिहून खाली दोघांच्या सह्या व्हायच्या. दिवे सारखे. वर्षानुवर्षं तेच दोन शब्द, शाई तेवढी बदललेली.

जूनच्या शेवटी पॉझिटिव्हचा दिवा मंद झाला. सुगतनं पहिल्या दिवशी तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं. तिसऱ्या दिवशीही लिहिलं. गळती कुठे आहे ते शोधायचं तर एकेक लाइन काढून बघावी लागते, आणि दर वेळी मिल थांबते. भूषण साहेब, म्हणजे इलेक्ट्रिकलचे मॅनेजर, सज्जन माणूस. ते म्हणाले, "रविवारी पाहू." गेटवर एक फळा होता, त्यावर बिघाडाविना गेलेल्या दिवसांचा आकडा रोज खडूनं वाढत होता, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दुपारच्या शिफ्टचा नरहरी रोज सही करताना टोमणा मारायचा, "काहून बे सुगत, तुह्याच शिफ्टमंदी कसा झोपते हा? तुले पाहून लाजते का?" चौथ्या दिवशी सुगत येताना दुकानातून चाळीसचा दिवा घेऊन आला. कल्पना काही थोर नव्हती. कमी वॅटच्या दिव्याची तार बारीक असते, तिला थोड्या विजेतही पुरेसा उजेड येतो. मंद साठ काढून तिथे चाळीस लावला की जेवढा उजेड गळतीनं पळवला तेवढा भरून निघतो. त्यानं दिवा फिरवून बसवला, दोन पावलं मागे आला आणि पाहिलं. दोन्ही दिवे सारखे. अगदी सारखे. हे आता कबूल करायला हवं की त्याला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. कारागिराला सांधा बेमालूम बसला की वाटतं तसं बरं वाटलं होतं.

रविवारपर्यंतच होतं ते सारं. त्या रविवारी मोठ्या ऑर्डरसाठी मिल चालू राहिली. पुढच्या रविवारी पाऊस होता आणि पिटमध्ये कुणी उतरेना. त्याच्या पुढच्या रविवारी सुगतला आठवलंच नाही. मंद दिवा रोज डोळ्यांत खुपायचा, तो सारखा दिसायला लागला आणि खुपणं संपलं. अकरा आठवडे रजिस्टरमध्ये दिवे सारखे होते. नरहरी बोलायचा थांबला, गेटवरचा आकडा वाढत गेला आणि सुगत घरी येऊन गाढ झोपत होता. खाली पिटमध्ये मात्र पॉझिटिव्हची तार रोज थोडी थोडी कुजत होती, आणि बटणाच्या पेटीत थेंब थेंब पाणी साठत होतं.

घरी आला तेव्हा सुजाता भाजी चिरत बसली होती. "आनला का वायसर?" तिनं विचारलं. त्याला वायसर आठवेना. "दुकान बंद होतं," तो म्हणाला, आणि हे अर्ध्या तासातलं दुसरं खोटं होतं. आयुष्यभर दर रविवारी विहारात जाऊन पंचशील म्हटलेलं. चौथं शील तर त्याच्या तोंडात इतकं बसलेलं, की खोटं बोलतानासुद्धा त्याची चाल डोक्यात वाजत राहायची. सुजातानं विळी बाजूला सारली. "तुमी अजून त्या केवलरामच्या घरवालीकडं गेले नाई. मिलमधले सारे जाऊन आले. नरहरीभाऊची बायको सांगून राहिली होती मले. उद्या त्याचं दशगात्र हाय, दहावा दिवस. तुमी नाई गेले त लोक काय म्हनतीन?"

"उद्या दुर्गले जा लागते. अकरा वाजता बयान आहे."

"म्हनून त म्हनतो, आज जाऊन या."

बयान, म्हणजे चौकशीतला जबाब, टाइप करून तयार होतं. भूषण साहेबांनी त्याची एक प्रत सुगतला वाचायला दिली होती, आणि ती शर्टाच्या खिशात घडीवर घडी होऊन घामानं मऊ पडली होती. कागदाला नावं ठेवावीत असं त्यात काही नव्हतं. साखळी अडकली. केवलराम साहू, पिट ऑपरेटर, ती सोडवायला खाली उतरला. स्टॉप बटण न दाबताच त्यानं साखळीत लोखंडी सब्बल घातली. साखळी सुटली, मोटर चालू होती, तिनं त्याला ओढून नेलं. भूषण साहेब खोटारडे नव्हते. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं, आणि का वाटतं तेही त्यांनी समजावून सांगितलं होतं. "हे बघ सुगत, साधी गोष्ट आहे. रजिस्टर काय म्हणतं? दिवे सारखे. म्हणजे गळती नव्हती. गळती नव्हती म्हणजे बटण दाबल्यावर मोटर मेलीच पाहिजे. ती मेली नाही, याचा अर्थ त्यानं बटण दाबलं नाही. मला काय त्याचं वाईट वाटत नाही का? पण दुसरं काही निघतच नाही यातून." हे ऐकताना सुगत त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. खरंच, दुसरं काही निघत नव्हतं. त्याच्या हातचे दोन शब्द अकरा आठवडे तिथे बसून होते, आणि आता ते मेलेल्या माणसावर साक्ष द्यायला उठले होते.

"सुजाता," तो म्हणाला, "त्यानं स्टॉप दाबला होता."

"तुमाले कसं मालूम?"

"मी पाह्यला ना. मी सगळ्यात आधी खाली उतरलो."

"मंग सांगा ना उद्या. कावून लपवून राहिले?"

"सांगितलं त मंग पुढचं इचारतीन."

"पुढचं काय?" असं ती विचारणार होती. शब्द तिच्या ओठांवर आलेला त्यानं पाहिला. मग तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि वीस वर्षांच्या संसारात बायकोला जे न सांगता कळतं ते तिला कळलं. तिनं विळी पुन्हा ओढून घेतली. "पुढचं मले नका सांगू," ती म्हणाली. "पोरीचं, प्रेरणाचं, नर्सिंगचं एक वरीस राह्यलं. मले मालूम नाई तेच बरं हाय. मेलेला मानूस काई वापस येऊन राहिला नाई." आणि थोड्या वेळानं, मान वर न करता, "जाऊन या तुमी. तोंड दाखवून या."

तोंड दाखवायला तो निघाला. पॉवर हाऊस चौकाच्या पुढे रस्त्याला गर्दी होती, ट्रक चिखल उडवत होते, आणि सुगतला त्या सकाळचं सगळं एकामागून एक दिसत होतं, जसं नऊ दिवस दिसत होतं. दहा वाजून गेले होते. तो मिलच्या दुसऱ्या टोकाला होता. आधी ओरडा आला, मग साखळीचा आवाज बदलला, जड झाला. तो पॅनेलरूमकडे धावला, मेन ओढला, आणि शिडीवरून खाली गेला. खाली जे होतं तिकडे त्यानं पाहिलंच नाही. त्याचे डोळे बटणाच्या पेटीवर गेले, कारण इलेक्ट्रिशियनचे डोळे तिथेच जातात. स्टॉपचं लाल टोपण आत दाबलेलं होतं. तळव्यानं दाबून बसवतात तसं, खोल, पक्कं. दाबलं की ते आतच अडकतं, पिळून सोडवल्याशिवाय बाहेर येत नाही. आणि त्याच क्षणी त्याला सारं समजलं. एकीकडे पॉझिटिव्ह जमिनीला लागलेली, आणि दुसरीकडे पेटीत, बटणाच्या पलीकडच्या तारेवर, पाणी. मग विजेला बटणातून जायची गरजच उरत नाही. ती ओल्या भिंतीतून, चिखलातून, शिडीच्या लोखंडातून वळसा घेते आणि मोटरला उठवते. बटण दाबलेलं असो की नसो. केवलरामनं बटण दाबलं, मोटर थांबली, तो साखळीपाशी वाकला, आणि पाण्याचा एक थेंब पेटीत खाली सरकला. हे कळेपर्यंत सुगतच्या हातानं ते लाल टोपण पिळून सोडलं होतं. का सोडलं? सव्वीस वर्षांची सवय. दाबलेलं दिसलं की हात ते सोडतोच. तो स्वतःला हे शंभरदा सांगून बसला होता. पण दुपारी साहेबांना 'सेफ्टीसाठी बदलून टाकतो' म्हणून ती तार, ती पेटी आणि वरचा तो चाळीसचा दिवा त्यानं तीन तासांत एकट्यानं बदलला, ते काही सवयीनं नव्हतं. त्याला भीती वाटली होती. दुसरं काही नाही, नुसती भीती.

भिलाई-तीनला रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्सजवळून जाताना त्यानं वेग कमी केला. इथेच तो वाढला. त्याचे वडील जानराव यार्डात पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. सुगत आयटीआयला असताना एकदा जानरावांनी रजिस्टरमध्ये लिहिलं की अमुक पॉइंट पुरता बसत नाही, फट दिसते. मालगाडी दोन तास थांबली. साहेब आले, वाकून बघितलं, त्यांना फट दिसेना. जानरावांना वर्षभर लांबच्या एका फाटकावर टाकलं, उन्हात, सावलीला एक झाड नाही. आई गिरजाबाई वैतागून म्हणायची, "दिसली त दिसली, लिवाची काय गरज होती?" जानराव भाकर मोडत म्हणायचे, "मले दिसली ना." एवढंच. त्यांना भाषण करता येत नव्हतं. सुगतला तेव्हा त्यांचा राग यायचा. शहाण्या माणसानं थोडं सांभाळून घ्यावं, एवढी साधी गोष्ट आपल्या बापाला कळत नाही, असं त्याला वाटायचं. आपल्याला ती कळते याचा अभिमानही वाटायचा. क्वार्टरवर आता दुसऱ्याच कुणाची ओली चादर वाळत होती.

केवलरामचं घर लाइनीपलीकडच्या वस्तीत होतं. अंगणात दोन बायका तांदूळ निवडत होत्या, उद्याची तयारी. सुगतला पाहून त्या सुपं घेऊन आत गेल्या. केवलरामची बायको रुक्मा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पस्तिशीची असेल. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि समोरची खाट दाखवली. "बइठव भैया. मिल के सबो झन आइन. तुमन भर नइ आए रहेव." सगळे येऊन गेले, तोच तेवढा राहिला होता; तक्रार नव्हती तिच्या आवाजात, नुसती मोजदाद होती. सुगत बसला. तो म्हणाला, "तबीयत ठीक नहीं थी." तिसरं.

"ओ मन कहिथें, स्टाप नइ दबाइस," रुक्मा म्हणाली. "मोर ससुर घलो अब कहे लागिस, नशा मा रहिस होही. मोर आदमी बिड़ी घलो नइ पियत रहिस, भैया." सासरासुद्धा आता 'नशेत असेल' म्हणू लागला होता, आणि तिचा नवरा तर बिडीही ओढत नव्हता. ती रडत नव्हती. नऊ दिवसांत रडणं आटून गेलं असावं, आणि त्या जागी काहीतरी कोरडं, कडक उरलं होतं. गावात लोक काय बोलतात तेही तिनं सांगितलं. आपल्या हातानं मेला. हयगय केली. मुलगी शाळेत गेली की पोरं तिला हेच म्हणतात. सुगत ऐकत होता. तो फक्त एकदाच म्हणाला, "भाभी, वो लापरवाह नहीं था," आणि आपण हे किती स्वस्तात बोललो ते त्याला लगेच जाणवलं.

"हां!" तिनं एकदम मान वर केली. तिला कुणीतरी हवाच होता असं म्हणणारा. "नइ रहिस. ओ त डर्रावत रहिस ओ खड्डा ले. तुमन त जानत हव." आणि मग ती सांगू लागली. त्या खड्ड्याला भिणारा केवलराम रोज उतरायच्या आधी शिडीशेजारच्या पॅनेलरूमच्या काचेतून आत बघायचा. आतले दोन दिवे. दोन्ही सारखे असले तरच पाय शिडीवर ठेवायचा. एखाद्या दिवशी तसाच उतरलो तर दिवसभर जिवाला बरं वाटत नाही, असं घरी येऊन म्हणायचा. जूनमध्ये दोन-तीन दिवस एक दिवा मंद होता, तेव्हा तो उतरला नव्हता. काहीतरी निमित्त काढून वरच राहिला, सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. मग दिवे पुन्हा सारखे झाले. त्या दिवशी घरी येऊन खुशीत होता, मुलीला घेऊन बाजारात गेला होता. "तुमन त सिखाए रहेव ओला," रुक्मा म्हणाली. "कतको दिन होगे. चाय पीयत-पीयत बताए रहेव. घर मा आके कहय, सुगत भैया कहे हे, दूनो लाइट बरोबर हे त मशीन बटन के बात मानही."

दोन्ही दिवे सारखे असले तर मशीन बटणाचं ऐकेल, हे आपण शिकवलं? सुगतला आठवेना. मग आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पॅनेलरूमच्या दारात उभा राहून चहा पिणारा केवलराम, नवा, भेदरलेला, 'ये दू ठन लाइट काबर जलथे साहब', हे दोन दिवे का जळतात, म्हणून विचारणारा. आणि आपण, कुणीतरी विचारलं याच्या आनंदात, त्याला समजावून सांगणारे. इलेक्ट्रिशियनला त्याचं काम सहसा कुणी विचारत नाही. अकरा आठवडे रोज सकाळी काचेपलीकडून एक माणूस आत बघत होता. सुगत आत खुर्चीवर बसलेला असायचा, पाठमोरा, किंवा डबा उघडत असायचा. त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं. आजवर त्याला वाटत होतं की त्यानं एक इशारा झाकला. झाकणं हे पाप, पण माणसाला पेलण्याजोगं, लाखो लोक पेलतात. आता ओसरीवर बसल्या बसल्या त्याला कळलं की तेवढ्यावर भागलं नव्हतं. त्या माणसानं रोज विचारलं होतं, उतरू का? आणि सुगतनं रोज सांगितलं होतं, उतर.

"काली तुमन ये बात लिखवा देहू न?" रुक्मा पुढे सरकून उद्याच्या बयानाबद्दल म्हणत होती. "के ओ ह लाइट देख के उतरिस. लापरवाही नइ करिस. बस अतके लिखवा देहू, भैया. अउ मोला कांही नइ चाही."

खिशातला कागद छातीला लागत होता. आत कुणीतरी पितळी भांडं खाली ठेवलं. सुगतच्या मनात प्रेरणाचा चेहरा आला, मग सुजाताची खाली घातलेली मान, मग गेट, फळा, पोलीस, कोठडीचं दार. सगळं आलं आणि थांबलं नाही. त्याला उठून जावंसं वाटलं, पण तो खाटेवरच बसून राहिला. मग तो बोलू लागला.

"भाभी, स्टॉप दबा हुआ था. मैंने देखा. मैंने ही उसको छोड़ा." मग तो थांबला, आणि अजून थांबता येत होतं. एवढ्यावरही ती त्याच्या पाया पडली असती. "और लाइट बरोबर नहीं थी. एक बल्ब मैंने बदल दिया था. जून में. बरोबर दिखे इसलिए."

रुक्माला लगेच उमगलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, जसं माणूस परक्या भाषेतलं ऐकताना बघतो. मग तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, जून, ते दोन-तीन दिवस, बाजारात गेलेली संध्याकाळ. तिनं ओरडायला हवं होतं. सुगत त्याची वाट बघत होता. तिला मारायचं असतं तर त्यानं तोंड पुढे केलं असतं. तिनं विचारलं, "ओला मालूम रहिस?" त्याला हे ठाऊक होतं का?

"नहीं."

"उतरत खानी डर्राए नइ होही, तब," ती म्हणाली. उतरताना तो घाबरला नसेल. हे ती सुगतला सांगत नव्हती. तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं, उठली आणि आत गेली. सुगतला वाटलं आता दार लागेल. ती बाहेर आली ती हातात मोबाईल घेऊन. काचेला तडा गेलेला, मागे मुलीच्या हातचं फुलाचं स्टिकर. तिला ते यंत्र नीट येत नव्हतं. तिनं दोनदा चुकीचं बटण दाबलं, आतल्या बाईला हाक मारून विचारलं, आणि मग दोन्ही हातांनी मोबाईल सुगतच्या तोंडासमोर धरला. 'भैया' ती आता म्हणाली नाही.

"फेर कहव," ती म्हणाली. "सुरू ले. पहिली नांव बतावव."

"सुगत," तो म्हणाला.

"जोर से. सुनावत नइ हे."

"सुगत जानराव मेश्राम. इलेक्ट्रिशियन, पहली शिफ्ट." तिचे हात हलले नाहीत, आणि पडद्यावरचे सेकंद पुढे पळत होते. त्यानं सुरुवातीपासून सांगायला सुरुवात केली.